मडमेच्या डब्यातले खण

आमच्या थोरल्या सूनबाईला, अर्पिताला, घरातली एकही वस्तू आहे तिथं राहू द्यायची न्हाई अशी खोड आहे. मीठ कुठं ठेवलंय ते मला विचारावं लागतं. माझ्याच घरात.

दिवाळीनंतर तिची नजर माझ्या सासूच्या दोन चिजांवर पडली. एक सुईदोऱ्याची शिसवी पेटी, आतून लाल मखमल लावलेली. दुसरा पत्र्याचा डबा, निजामाच्या काळातला, झाकणावर छत्रीवाली मडम. पेटीला तिनं पॉलिश मारलं, मडमेला लिंबानं घासून आणखी गोरी केली. अँटिक आहे म्हणे. मी म्हटलं, मीबी आहे, मला काय लावतेस?

त्या डब्यात ओटीत आलेले खण असतात. ओटीतला खण आमच्याकडं कोण शिवून घालतंय? आलेला ठेवायचा, वेळ आली की दुसरीच्या ओटीत घालायचा. फक्त ज्या घरचा आला त्याच घरी परत जाऊ नये. मी दुसरीत शाळा सोडलेली, नावं लिहायला कारकून कुठून आणू? म्हणून पेटीतल्या दोऱ्याचा एक टाका खणाच्या कोपऱ्याला घालत आले. लाल नळदुर्गचा, पिवळा वाशीचा, निळा माझ्या माहेरचा.

अर्पितानं ते सगळे टाके उसवले. धागे लोंबत होते म्हणे. खणांच्या गुंडाळ्या केल्या, रंगाला रंग लावून मांडल्या, फोटो काढून कुठं कुठं धाडला. दोनशे बायांनी वाहवा केली. मला मात्र कुणी सांगितलं न्हाई.

सोमवारी नळदुर्गहून उमादेवी आल्या. त्यांची लेक आमच्या धाकट्याला, नंदीशला, पसंत होती, घर बघून सुपारी फोडायची एवढंच राहिलेलं. जेवणं झाली, उमादेवी पाटावर पदर पसरून बसल्या, अन् मी डबा उघडला. आत दुकान मांडल्यागत गुंडाळ्या. एकाही कोपऱ्याला दोरा न्हाई. पाहुणीला थांबवून विचार करीत बसता येतंय व्हय? मोराच्या काठाचा जांभळा खण उचलला अन् ओटीत घातला.

उमादेवींनी तो उलटून बघितला.

"विहीणबाई, महिन्यापूर्वी हा मीच तुमच्या ओटीत घातलेला. सोयरीक नको असली तर तोंडानं सांगायचं."

तबकातली सुपारी तबकातच. नंदीशचं तोंड चुन्यागत पांढरं.

मी हसले. म्हटलं, आमच्या घरची रीतच आहे, पहिला खण देणारीला परत, अन् त्यावर इरकल. कपाटात माझ्यासाठी, लग्नात नेसायला घेतलेली इरकल होती, ती काढून त्यांच्या पदरात घातली. असली रीत ह्या जिल्ह्यात कुठंच न्हाई, हे उमादेवींनाही ठाऊक. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग इरकलीचा पदर चाचपला. पदर चांगला होता. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर अर्पिता मोबाईल घेऊन आली. किती सुंदर रीत, मम्मी, हिला नाव काय, मला लिहायचंय, म्हणाली.

मी डबा तिच्या मांडीवर ठेवला.

"रीत कसली, माझी इरकल गेली. सोळा वर्षं शिकलीस अन् माझं लिहिलेलं खोडताना एका शब्दानं विचारलं न्हाईस. आता ह्यातला एकही खण कुणाच्या ओटीत घालायच्या लायकीचा राहिला न्हाई. चाळीस आहेत. चाळीसच्या चाळीस चोळ्या शिव, रोज एक घाल, अन् काढ फोटो."