पेटीतलं पोतं

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि उजवा तळहात पुढे करा. त्यावर एक पिल्लू ठेवलंय असं समजा. कोंबडीचं नाही, बटेर नावाच्या इवल्या पक्ष्याचं. तुमच्या अंगठ्याएवढं. वजन म्हणाल तर नाहीच. ऊब आणि आतली धडधड तेवढी कळते. आता ते उभं राहायला बघतंय आणि त्याचे पाय दोन बाजूंना फाकत चाललेत, उघडलेल्या कात्रीसारखे. तुम्ही बोटांनी ते जवळ आणता. सोडले की पुन्हा फाकतात.

महामाया सकाळपासून हेच करत होती.

दारात ऑटो थांबल्याचा आवाज आला तशी ती दचकली. तिने पिल्लू पेटीत ठेवलं, पेटीतलं पोतं चारी कोपऱ्यांनी ताणून बसवलं आणि भिंतीला टेकवलेली चकचकीत गुंडाळी पायानेच धान्याच्या कोठीमागे ढकलली.

तिचे आबा, जानराव, बुलढाण्याहून डोळ्याचं ऑपरेशन करून तीन दिवसांनी परतत होते. एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्यातही मोतीबिंदू उतरलेला, त्यातून समोरचं माणूस धुक्यातल्यासारखं दिसायचं. कुडाच्या पलीकडून शेजारच्या वच्छलाबाईने हाळी दिली,

"आले का भाऊ? आता एका डोळ्यानं पिल्लं राखता का?"

"दोन डोळे माहे घरीच ठेवून गेलो होतो, वैनी," आबा म्हणाले. "माह्या नातीचे!"

महामायेने मान खाली घातली.

आबांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. भिंत चाचपत ते थेट पिल्लांपाशी गेले. जुन्या कुलरची पत्र्याची पेटी आडवी टाकून, वर बल्ब टांगून त्यांनी ते घर स्वतः केलं होतं. मोताळ्याच्या मोतीरामने अंडी उबवून तीस पिल्लं दिली आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्याचं बोलावणं आलं. शाळेतली शिपायाची नोकरी संपल्यापासून आबा ओट्यावर नुसते बसून असायचे. ही पिल्लं आल्यावर मात्र ते पहाटे शीळ घालत उठले होते.

जाताना त्यांनी महामायेला समोर बसवून सगळं घोकवून घेतलं होतं. पाण्याच्या बशीत गोटे ठेवजो, नाहीतर बुडून मरतीन. दाणा मिक्सरमधून बारीक काढजो. पिल्लं बल्बखाली गोळा झाली त समज थंडी वाजते, कडेकडेले पळाली त गरमी होते, मंग बल्ब वर घेजो. आन पोतं घाण झालं त दुसरं पोतं टाकजो. पोतंच.

गोटे, दाणा, बल्ब, सगळं तिने केलं. एक पोतं तेवढं नाही.

दुसऱ्या पोत्याला वास येत होता. आणि घरात तिच्या दहाव्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मामाने चौकात लावलेला: निळ्या फ्रॉकमधली महामाया, खाली मामाचे आठ मित्र गॉगल लावून. फडकं फिरवलं की लख्ख. पोत्याऐवजी तोच पेटीत अंथरताना तिने घडी अशी घातली की तिचाच फोटो वर यावा. पिल्लं तिच्या गालांवरून घसरत होती आणि तिला हसू येत होतं. तिला वाटलं, खेळतायत.

काल सकाळी चार पिल्लं उठेनात. त्यातलं एक दाण्यापर्यंत पोचलंच नाही. त्याला तिने नळाजवळच्या मेंदीखाली पुरलं आणि मग फ्लेक्स काढून पोतं पुन्हा टाकलं.

"कशे हायेत पाव्हणे?" आबांनी पेटीत हात घातला.

"एक मेलं, आबा."

"कायनं?"

"मले नाही माहीत."

आबा एकेक पिल्लू उचलून चाचपू लागले. तिसऱ्या-चौथ्याला त्यांचा हात थबकला. फाकलेल्या पायांवरून त्यांनी बोट फिरवलं, मग खालचं पोतं चाचपलं.

"पोतं त हायेच."

महामायेच्या तोंडून "हाव" निघालं. इतकं हळू, की तिचं तिलाच ऐकू आलं नसेल. आबांना आलं.

"मंग माह्यंच चुकलं," ते म्हणाले. "घासलेलं पोतं निवडलं असन मी. पाय ठरत नसतीन त्यायचे. दिसत नसताना हौस करू नये मानसानं." त्यांनी पिल्लू परत पेटीत ठेवलं. "किती हायेत अशे?"

"तीन."

आबांनी पिशवीतून दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी काढली. डोळ्याच्या पट्टीसाठी दिलेली.

"आत्ताच कराव लागते, उशीर झाला त पाय तशेच राह्यतात. बारीक पट्टी काप. दोन पायांच्या मंधात करंगळीएवढी जागा सोड. घट्ट नोको. चार दिवसांत उभे राह्यतीन. मले दिसत नाही, तुलेच कराव लागीन."

तिने पट्टी कापली. आबांनी पिल्लू ओंजळीत उलटं धरलं, तिने एका पायाभोवती वेढा दिला, मग दुसऱ्या. पहिल्याला तीन वेळा करावं लागलं. तिसरं पिल्लू पोत्यावर ठेवलं तेव्हा ते डुलत डुलत उभं राहिलं, दोन क्षण, आणि बसलं.

तिने उरलेली पट्टी गुंडाळून आबांच्या हातात दिली.



"भेऊ नोको. तुह्याकडून काहीच नाही बिघडलं, माये. सांगतलं तेवढं सारं केलं तू. हे माह्या नशिबाचं हाय." आबांनी गुडघ्यावर हात टेकले. "मोतीरामले फोन लाव. म्हणा, उद्या येऊन घेऊन जा बाप्पा सारे. हे आता माह्या हातचं नाही राह्यलं."

त्यांनी खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. पेटीत बल्बखाली पिल्लांची बारीक चिवचिव चालली होती. महामाया फोनकडे बघत राहिली. मोतीरामचं नाव सापडायला काही वेळ लागत नव्हता. यादीत पहिलंच होतं ते.

तिने फोन जमिनीवर ठेवला. कोठीमागे हात घालून गुंडाळी ओढली आणि आबांच्या पुढ्यात उलगडली. एका कोपऱ्यावर पिल्लांची विष्ठा अजून वाळून चिकटलेली होती.

"काय हाय वं ते?" आबांनी मान वळवली. "काय आवाज येते?"

महामायेने त्यांचा हात धरला आणि फ्लेक्सवर ठेवला. हात निळ्या फ्रॉकवरून सर्रकन घसरला, वाळल्या विष्ठेशी अडला आणि तिथेच थांबला.

तिने तो सोडला नाही.