मधल्या जागेतली बाज

तेल्हाऱ्याहून येणाऱ्या एस.टी.च्या टपावर एक बाज, चारही पाय आभाळाकडे.

प्रयोगशाळेत गंधकाचा वास. खिडकीबाहेर पोरं: "प्रोफेसरीणबाई आल्या बे!"

एप्रिलचं ऊन. टिनावर टाकलेले पापड उलटायचीही गरज नाही.

पुरुषांची ओळ फाटकाशी. बायकांची विहिरीशी. मधे रिकामी जागा.

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलं. सिंधू तिचं नाव. तेल्हाऱ्याच्या खुशालरावांची लेक, एम.एस्सी. होऊन अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आलेली, बिनलग्नाची. गाव असं, की सकाळी तिनं कोणती भाजी घेतली ते दुपारी स्टाफरूमला ठाऊक. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी धजेना. शेवटी भगवंतराव वकिलांनी मागची टिनाची खोली दिली. ती गेली तर दुसरी मिळणार नव्हती. आणि खोली नाही, तर नोकरी नाही; बाप तिला परत न्यायला टपूनच होता.

उन्हाळ्यात अख्खं अकोला अंगणात झोपायचं. दिवस कलला, सडा पडला, की बाजा बाहेर. वकिलांकडे बाजांना क्रम होता. विहिरीशी आधी सासू, मग सुना, मग लेकी. फाटकाशी तसेच बापलेक. भाडेकरूबाई ना सून ना लेक. तिला ओळच नव्हती. तिनं आत भाजून निघावं, एवढंच ठरलेलं.

अंगभर घामोळं आलं त्या संध्याकाळी सिंधूनं बाज उचलली. दारातून आडवी निघेना. उभी केली, फरफटत आणली आणि थेट मधल्या जागेत टाकली.

"हे काय बाई?" भगवंतराव ओसरीवरून म्हणाले.

"बाज."

"ते दिसून राह्यलं मले. इथं कावून?"

"आत जीव जाते, वकीलसाहेब."

"इथं पुरुष झोपतात."

"झोपू द्या ना. मी काई उठवत नाई त्यायले."

विहिरीशी धाकटी सून पदरात तोंड खुपसून हसली. वकिलांचे कान लाल झाले.

"लोक काय म्हणतीन?"

"लोकंबी आपापल्या अंगणातच पडले असतीन. कोण उठून येते पाहाले?"

"खोली खाली करा. उद्याच्या उद्या!"

सिंधूला तेल्हाऱ्याची एस.टी., बापाचा चेहरा, सगळं दिसलं. तिनं चादर झटकली, बाजेवर अंथरली, कोपरे नीट केले.

"लेखी द्या," ती म्हणाली. "कारण लिहा. बाई उकडते म्हणून अंगणात झोपली. मी तो कागद कॉलेजच्या नोटीसबोर्डावर लावते."

वकील ओसरीवरून उतरून बाजेशी येऊन उभे राहिले. तेवढ्यात विहिरीकडून त्यांच्या आईचा, पार्वताबाईंचा, आवाज आला.

"भगवंता, उभा काय राह्यला? तिच्या बाजेखाली पाण्याचा तांब्या नाई. ठेव."

भगवंतरावांनी आईकडे पाहिलं. मग आत गेले, तांब्या आणला, ठणकन ठेवला.

"आजच्यापुरतं," ते म्हणाले.

"पाऊस येतवर," सिंधू म्हणाली, आणि पुरुषांच्या ओळीकडे पाठ न करता, बायकांच्या ओळीकडेही न करता, उताणी पडली.

पार्वताबाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा पहिलं मूल होईपर्यंत त्यांनाही ओळ नव्हती; उन्हाळाभर त्यांची बाज आतच असायची.