नाव, वय, तक्रार, औषध

मित्रांनो, मला नुसती वही म्हणाल तर राग येईल. मी एका दवाखान्याची जुनी नोंदवही आहे. माझ्या प्रत्येक पानावर चार रकाने आहेत: नाव, वय, तक्रार, औषध. छापखान्यातून आले तेव्हा काय तोरा होता माझा! पण नोंदींचा नमुना बदलला आणि मी कोरीच्या कोरी रद्दीत निघाले. तिथून मला कंपाउंडरकाकांनी घरी आणलं.

काकू नुकत्याच गेल्या होत्या. काका दिवसभर दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "काय होतंय?" घरी त्यांना हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांच्या बोटाला लागलेलं जांभळं औषध माझ्या तक्रारीच्या रकान्यात उमटलं. ते पुसायला गेले, तर डाग आणखी पसरला. काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग कापसाच्या बोळ्याने त्यांनी भोवती आयोडीनचा तपकिरी रंग फिरवला. माझ्यातली ती पहिली नोंद.

मग रोज तेच. हातपाय धुवायचे आणि माझ्यापुढे बसायचं. कधी नुसता रंग, कधी गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, एकदा काकूंच्या स्वेटरचं बटण. चित्रकला म्हणाल तर यथातथाच. त्यांनी काढलेली मांजर मला बरेच दिवस किटली वाटत होती. पण उठताना त्यांचे खांदे सैल झालेले असत आणि जेवणात दोन घास जास्त जात.

सुट्टीत परगावी राहणारी त्यांची मुलगी आली आणि मी तिला सापडले. तिने मला डोक्यावर घेतलं, शेजारीपाजारी दाखवलं, बाबांना महागडी चित्रवही आणि रंगपेटी आणून दिली. मीही हुरळून गेले, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून काका लोकांसाठी काढू लागले. काढायचे, खोडायचे, पुन्हा खोडायचे. शेवटी आम्ही दोघी वह्या कपाटावर गेलो आणि काकांच्या जेवणातले ते दोन घासही कमी झाले. दोन वर्षं मी धूळ खात पडले होते. त्या बोटांच्या औषधी वासासाठी जीव तुटायचा माझा.

काही महिन्यांपूर्वी मुलगी पुन्हा आली. बाबांचं ताट अर्धं उरलेलं तिने पाहिलं. तिने मला खाली काढून पुसलं. या वेळी 'छान' म्हणाली नाही. कोऱ्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि तक्रारीच्या रकान्यात एक करडा डाग काढला. मला बाबांपुढे सरकवत हळूच म्हणाली, "आईची फार आठवण येते, बाबा."

औषधाचा रकाना कोरा होता. तो तसा ठेवणं कंपाउंडरला जमतंय थोडंच!  काकांनी पेन घेऊन सवयीच्या अक्षरात लिहिलं, 'दर रविवारी एकदा. दोघांनी मिळून.' आणि आयोडीनची बाटली शोधायला उठले.

मित्रांनो, माझी आता अकराच पानं उरली आहेत. तरी रविवारी मुलगी येणार म्हणून शनिवारपासूनच माझं लक्ष दाराच्या कडीकडे लागतं. तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, तर तिचं कौतुक जरा बेतानेच करा. ती लिहिणाऱ्याशेजारी बसा आणि विचारा, काय होतंय?