मागच्या दारातली फळी

मित्रांनो, मी फळी. दहा फूट लांब, वीतभर रुंद, आणि अंगावर इतकं सिमेंट वाळलेलं की माझा मूळ रंग आता मलाही आठवत नाही. दहा फूट म्हणाले खरी, पण आता तेवढी राहिलेली नाही. ते पुढं येईलच. मधूनच सांगायला लागले तर म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं.

गोड बोलायची मला सवय नाही. गवंड्यांच्या पायाखाली वाढलेय मी, मग बोलणंही तसंच.

आधी मी झाड होते, हे तुम्ही ओळखलंच असेल. सगळ्या फळ्या तेच सांगतात आणि सांगता सांगता रडतात. मी नाही रडत. वखारीत आरा अंगावरून गेला तेव्हा ओरडले, नाही कोण म्हणतंय? पण मला धास्ती होती ती वेगळीच. वाटायचं, आपलं कपाट करतील आणि आपण जन्मभर अंधारात कुणाच्या तरी चादरी सांभाळत बसू. नशीब चांगलं. एका मिस्त्रींनी मला उचललं, बोटानं ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "हिचा आवाज भरीव आहे. ही चालेल."

मिस्त्री म्हणजे गवंड्यांचे म्होरके. भिंत डोक्यावर गेली की उभं राहायला बांबूंचं मचाण बांधतात, त्याला परांची म्हणतात. त्या परांचीवर आडवी टाकायची ती मी. बावीस वर्षं मी माणसं झेलली. विटा झेलल्या, घमेली झेलली, चहाचे ग्लास झेलले. ऊन खाल्लं, पाऊस प्यायले. दुपारच्या सुट्टीत कामगार खाली उतरले की पाखरं माझ्यावर येऊन बसायची. लांबच्या डोंगरावरून ढगाची सावली सरकत यायची, ती आम्हाला सगळ्यांच्या आधी दिसायची. आणि ती माणसं! जेवून माझ्या सावलीत आडवी झाली की पाच मिनिटांत घोरायला लागायची. झोपेची गोळी म्हणून काही असतं, हे मला घरात आल्यावर कळलं.

मिस्त्रींचा एक प्रश्न ठरलेला. कुणीही माझ्यावर पाय ठेवायच्या आधी ते खालून ओरडायचे, "बांधली का?"

कारण सोपं आहे. फळीचं टोक बांबूच्या थोडं पुढं आलेलं असतं. फळी दोन्हीकडं काथ्यानं बांधलेली नसली आणि त्या टोकावर पाय पडला, की फळी उलटते. मग वरचा माणूस खाली. एकदा एका थट्टेखोर गवंड्यानं विचारलं, "मिस्त्री, घरी खुर्चीवर बसताना खुर्चीपण बांधता का?"

"तू बसणार असलास तर बांधीन," मिस्त्री म्हणाले. सगळी परांची हसली. मीसुद्धा थोडी हलले.

आणि मग तो दिवस आला. संध्याकाळ व्हायला आली होती आणि एका कोपऱ्याचं प्लॅस्टर राहिलं होतं. मी हातभर डावीकडं हवी होते. मिस्त्रींनी स्वतः माझी दोरी सोडली आणि मला सरकवलं. परत बांधायला वाकले आणि तसेच उठले. म्हणाले, "आता दोन मिनिटांच्या कामाला काय बांधायचं?" तेव्हा खाली कुणी नव्हतं. बाकीचे हातपाय धूत होते. बांधली का, असं विचारणारा माणूस वरच उभा होता.

त्यांचा पाय माझ्या टोकावर पडला. मी उलटले.

मिस्त्री वाळूच्या ढिगावर पडले म्हणून जिवावरचं मांडीवर निभावलं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. दवाखान्यात भेटायला गेलेल्यांना मिस्त्रींनी सांगितलं, "फळीनं दगा दिला."

झालं! बावीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात वाहून गेली. माझ्यावर पाय ठेवायला कुणी धजेना. शेवटी मिस्त्रींच्या हत्यारांबरोबर मलाही टेंपोत टाकलं आणि त्यांच्या घरी पोचवलं. आजींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, मला मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. पाणी तापवायला जाळीन म्हणाल्या होत्या. समोरच मिस्त्रींच्या खोलीची खिडकी. त्यांनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

"ती खिडकी लाव."

"अहो, वारा येतोय छान."

"लाव म्हटलं ना!"

खिडकी लागली ती चार महिने लागली. आता घर कुठं होतं ते ऐका. गावाच्या अगदी कडेला. मागच्या दाराला उंबरा आणि एक पायरी, पुढं अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडं नुसतं माळरान. एक ओढा, तीन मोठी झाडं, पाखरांचा दंगा. एवढं सगळं हाकेवर होतं, आणि आत भरदिवसा ट्यूबलाइट जळत होती. माझ्यामुळं.

फटीतून मला सगळं ऐकू यायचं. चहा गार आहे, चहा फार कढत आहे. ताट अर्धं परत. लेकीची मुलगी शाळा सुटल्यावर आजोळीच असायची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, पण आता ती फिरत कुठं होती? आजोबांच्या पायाशी बसून मोबाईल नाकाला लावलेला. आजी दोघांच्या मागं धावून दमलेल्या. तीन माणसं, एक खोली, आणि कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

दर मंगळवारी नर्सबाई यायच्या. पाय वाकवून घ्यायच्या, चाकाच्या खुर्चीत बसवायच्या. एकदा म्हणाल्या, "काका, गोळ्या मी पिशवीतून आणते. ऊन कसं आणू?"

"मी उन्हातच म्हातारा झालोय. मला ऊन शिकवू नका," मिस्त्री खेकसले.

जाताना नर्सबाई मागच्या दाराशी थांबल्या आणि हळू आवाजात आजींना म्हणाल्या, "हाड जुळलंय. माणूसच उभारी धरत नाही. असेच पडून राहिले तर दोन महिन्यांत पायातला उरलेला जोर जाईल. मग कुणीच त्यांना उठवू शकणार नाही. काहीही करा, पण बाहेर काढा."

आजी पदरानं डोळे पुसत उभ्या राहिल्या. मी टेकून उभीच होते. दोघी सारख्याच लाकडासारख्या.

मग एक दिवस वीज गेली. पंखा बंद, टीव्ही बंद. भिंगरीचा मोबाईल आधीच मान टाकून पडलेला. खोलीत इतकं उकडलं की आजींनी कुणाला न विचारता खिडकी उघडली. मिस्त्री ओरडले. आजी म्हणाल्या, "ओरडा. निदान हवा तरी खेळेल." भिंगरी कंटाळून अंगणात आली. इकडं तिकडं बघितलं, आणि तिला मी दिसले.

चार महिन्यांनी मला कुणीतरी हात लावला, मित्रांनो! तिनं मला ओढत नेलं, विटांचे दोन लहान ढीग रचले आणि त्यांवर मला आडवी टाकली. पूल तयार. हात पसरून निघाली माझ्यावरून. माझं एक टोक विटांच्या बाहेर हातभर आलं होतं. मला दिसत होतं काय होणार ते. पण मी फळी, तोंड कुठून आणू?

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. तोच, बावीस वर्षांचा.

"बांधली का?"

उशीर झाला होता. भिंगरी टोकावर गेली, मी उलटले, ती गवतात पडली. गुडघा खरचटला. उठली ती रागानंच, आणि मला एक सणसणीत लाथ घातली. "फळीच वाईट आहे ही! आजोबांना पण हिनंच पाडलं!"

खिडकीतून मिस्त्री म्हणाले, "तिला मारू नकोस गं. तिचं काही चुकलं नव्हतं."

"मग कुणाचं?"

"माझं. मी सोडली होती दोरी. परत बांधली नाही."

आजी खिडकीशी आल्या. "आणि चार महिने आम्हाला काय सांगत होता?"

"लाज वाटत होती. सगळ्या जगाला विचारत फिरलो, बांधली का, बांधली का. ती फळी समोर दिसली की तीच मला विचारतेय असं वाटायचं."

बघा, मी बिचारी एक अक्षर बोलले नव्हते.

आजी म्हणाल्या, "तिचं विचारून झालं असेल तर आता बाहेर या."

"उंबरा आहे, पायरी आहे. खुर्ची उडवत नेणार आहेस?"

पण हे म्हणता म्हणताच मिस्त्रींचे डोळे माझ्यावर आले. गवंड्याचे डोळे ते, मोजायचं विसरत नाहीत. त्यांनी भिंगरीला उंबऱ्याची उंची वितीनं मोजायला लावली. मग माझी लांबी. मग खुर्चीच्या दोन चाकांमधलं अंतर. आणि आजींना म्हणाले, "मधोमध काप. पाच फुटांच्या दोन. एका चाकाला एक."

पाच फुटांच्या दोन! पण खरं सांगू? बावीस वर्षांत ज्या माणसाला मी उंच नेलं, त्याला वीतभर खाली न्यायचं होतं आता. करवतीला मी कुरकुर केली नाही. करवत आजींच्या हातात, आणि सूचना खिडकीतून.

"तिरकी चाललीय. सरळ धर."

"एवढं कळतंय तर या आणि तुम्हीच कापा!"

"त्यासाठीच तर कापतेयस."

आजी हसल्या. त्या घरात हसू मी पहिल्यांदा ऐकलं. मग दोन्ही तुकड्यांना रंग लावला आणि रंग ओला असतानाच वर वाळू भुरभुरवली, चाकं घसरू नयेत म्हणून. खुंट्या ठोकल्या. दोरी आली.

मंगळवारी सकाळी नर्सबाई आल्या तर मिस्त्री खुर्चीत बसून मागच्या दारात तयार. चाकं माझ्यापासून बोटभर अंतरावर.

"बांधली का?"

"बांधली!" भिंगरी ओरडली.

"दोन्ही टोकं?"

"चारही! दोन फळ्या आहेत, आजोबा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. मागून नर्सबाई, पुढून आजी. मिस्त्रींचं वजन माझ्यावर आलं. माझ्या ओळखीचं वजन, पण थोडं उतरलेलं. मी श्वास धरला, आणि अजिबात हलले नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले. भिंतीपलीकडं माळावर ऊन पसरलं होतं आणि गवत वाऱ्यानं एकीकडं झुकत होतं. मिस्त्री खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, मी जन्मभर बाहेर होतो. पण तोंड सगळा वेळ भिंतीकडं."

पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसले, दुसऱ्या दिवशी पाऊण तास. आठवड्यात भूक लागायला लागली. ताट रिकामं परत जाताना आजी ते उलटं करून बघायच्या, कुठं सांडलं तर नाही ना म्हणून. रात्रीची गोळी डॉक्टरांनी आधी अर्धी केली, मग बंदच केली. एका सकाळी मिस्त्री अंगणातली भिंत धरून उभे राहिले. दुसऱ्याच्या हातची भिंत, म्हणून आधी तिला नावं ठेवली, मग तिच्याच आधारानं पाच पावलं टाकली. भिंगरीला ओढ्यात खेकड्याचं बीळ सापडलं आणि मोबाईल कुठं ठेवला तेच तिला आठवेना. आजीसुद्धा चार महिने कोंडलेल्याच होत्या, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. आता त्या रोज ओढ्यापर्यंत एकट्या जाऊन येतात. कुणाला चहा हवा असेल तर त्यानं करून घ्यावा.

मिस्त्री काठी घेऊन पहिल्या झाडापर्यंत जातात. म्हणतात, पुढच्या वर्षी तिसरं गाठीन. खुर्ची माळ्यावर गेलीय. मला मात्र कुणी हलवलेलं नाही. माझ्या कडेनं गवत उगवलंय, एक खार माझ्यावरून रोज ये-जा करते. आता मला इथंच कायमची बांधून ठेवणार आहेत म्हणे.

मित्रांनो, मला कपाट होऊन चादरी सांभाळायची नव्हती. तुम्हीसुद्धा त्यासाठी जन्मलेले नाही. दार उघडा, बाहेर पडा. माळ नसला तर एक झाड बघा, झाड नसलं तर आभाळ तर कुठंही असतं. वर्षातून एकदा माझ्यासारख्यांना तेलाचा हात द्या, वाळवीपासून जपा. आणि घरात कुणी खिडकी लावून बसलं असेल, तर त्याला तसंच सोडून एकटे जाऊ नका. त्याचा उंबरा किती उंच आहे, तो आधी वितीनं मोजा. फळी टाका. आणि त्याला हात द्यायच्या आधी एकदा मोठ्यानं विचारा.

काय विचारायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.