बकुळाबाईंच्या हाताची झोप

बकुळाबाईंच्या हाताला झोप आहे, असं त्यांच्या गावातल्या बायका एकमुखानं सांगत. खटाव तालुक्यातलं ते छोटंसं गाव. तिथं गेल्या तीस वर्षांत जन्मलेल्या निम्म्याअधिक पोरांना बकुळाबाईंनी पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घातलं होतं. तेल चोळायचं, शेक द्यायचा, अंगाई म्हणत पाठीवर थापटायचं. कितीही किरकिरं पोर असो, डोळे मिटलेच म्हणून समजा. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. का लपवावा? मिरवण्यासारखं दुसरं त्यांच्याकडं होतं तरी काय?

म्हणून धाकट्या सुनेला, रुचिराला, दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं की बाळंतपणाला आपणच जायचं. मुलगा सुजित झाशीजवळ बबीन्याच्या छावणीत, रणगाड्यांच्या पलटणीत हवालदार. रुचिराला आई नव्हती. ऐन जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत बकुळाबाई झाशीच्या स्टेशनावर उतरल्या त्या ओवा, बाळंतशेपा, वेखंड आणि मातीची एक शेगडी घेऊन.

"आई, शेगडी इथं पण मिळते की," सुजित म्हणाला.

"मिळत आसंल. पर ही तुझ्या टायमाची हाय," त्या म्हणाल्या, आणि शेगडी मांडीवर घेऊनच बबीन्यापर्यंत आल्या.

मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना इस्पितळातल्या सिस्टरनं रुचिराला समोर बसवून बजावलं, "दो-ढाई घंटे में जगाकर दूध पिलाना. रोज़ उजाले में देखना. पीला लगे, ज़्यादा सोए, दूध न खींचे, तो उसी दिन ले आना." बकुळाबाई शेजारीच उभ्या होत्या. हिंदी त्यांना समजत होती. पण जास्त झोपलं तर घेऊन या, हे ऐकून त्यांना हसू फुटलं. लेकरू झोपतंय म्हणून तक्रार करणारी बाई त्यांनी अजून पाहिली नव्हती.

क्वार्टरच्या मागच्या खोलीत त्यांनी बाळंतिणीची खोली मांडली. खिडकीवर सुजितचं जाड फौजी कांबळं खिळे मारून लावलं. बाळंतिणीला वारं लागू नये, बाळाला दृष्ट लागू नये, कोवळे डोळे उजेडानं दिपू नयेत, अशी तीन कारणं त्यांच्याकडं तयार होती. आत शेगडीचे निखारे आणि एक मिणमिणता बल्ब, बस. भर दुपारी दाराशी अडखळायला व्हायचं.

"आई, कांबळं थोडा वेळ काढूया का?" रुचिरानं विचारलं. "उजेडात बघायला सांगितलंय त्यांनी."

"बारा दिस जाऊ देत. बारशाला बघ की डोळं भरून."

रुचिरा पुन्हा आडवी झाली. टाके दुखत होते, तीन दिवसांत तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि सासूबाई तिच्यासाठी हजार मैलांवरून शेगडी घेऊन आल्या होत्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

घरी आल्यावर पहिला दिवसभर बाळ रडलं. घास-घासभर दूध ओढायचं, सोडून द्यायचं, पुन्हा टाहो. नवं लेकरू असंच असतं. पोट करंगळीएवढं, दर दोन तासांनी रिकामं होतं, आणि रात्र कुठली नि दिवस कुठला हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. रुचिरा रडकुंडीला आली. "आई, काहीही करा, पण त्याला झोपवा हो," ती म्हणाली. बकुळाबाईंनी पदर खोचला. साय-हळद-बेसन लावून बाळाला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, शेकलं, पायांवर घेऊन थापटलं.

पाचव्या दिवशी बाळ झोपलं. दोन तास झाले, तीन झाले, चार झाले. बबीन्याच्या रेंजवर त्या दिवशी तोफांचा सराव होता. खिडकीची तावदानं थरथरत होती, मांडणीवरच्या वाट्या किणकिणत होत्या, आणि बाळ ढिम्म. बकुळाबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्यांनी गावाकडं जावेला फोन लावला.

"तोफा उडत्यात हितं, घर हादरतंय, पर आमचा गडी पापनी हलवत न्हाई! शिपायाचं रगत हाय ते."

जावेनं ते साऱ्या आळीत सांगितलं. संध्याकाळपर्यंत बकुळाबाईंना चार फोन आले आणि चारही वेळा त्यांनी तोफांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

सहाव्या दिवशी सकाळी धुण्याला येणारी दुर्गा बाळाची दुपटी न्यायला दाराशी आली. तिकडच्याच गुरसरायची बाई, तिला चार मुलं. तिनं दाराचा पडदा सारला, तेवढ्यात उजेडाची एक पट्टी बाळाच्या पायावर पडली. दुर्गा थबकली, त्या पिवळ्या पायाकडं बघत राहिली.

"काय अम्मा, जौ लरका पीरौ सो काय लग रओ?"

"हल्दी लगाया है," बकुळाबाई म्हणाल्या. "हमारे में लगाते हैं. पड़दा छोड़, हवा आती है."

दुर्गानं पडदा सोडला. रुचिरा तेव्हा मोरीत होती; तिला यातलं काही कळलं नाही. बकुळाबाईंनी बाळाचा पाय ओल्या फडक्यानं पुसून पाहिला. फडक्याला हळद लागली नाही. हे त्यांनी पाहिलं होतं. पाहिलं, आणि फडकं घडी करून ठेवून दिलं. कालच चार घरी सांगून झालं होतं ना, गडी कसा झोपतोय ते!

सातव्या दिवशी दुपारी रुचिराचं दूध दाटून छाती दगडासारखी झाली होती. बाळाला छातीशी धरलं तर तोंड नुसतंच उघडं राहत होतं. तळपायाला टिचकी मारली, कान चोळला, पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. बाळ उठेना.

"आई, सकाळपासून हा उठलेला नाही."

"झोपंत वाढतं गं लेकरू. ऱ्हाऊ दे."

रुचिरा उठली. ओल्या टाक्यांनी भिंतीला धरत खिडकीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी तिनं कांबळं ओढलं. खिळे टणटण खाली पडले. चार दिवसांत पहिल्यांदा खोलीत ऊन आलं, आणि त्या उन्हात बाळ कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत पिवळंजर्द दिसलं. रुचिरा किंचाळली. त्या किंकाळीनंही ते जागं झालं नाही.

झाशीच्या इस्पितळात त्या रात्रीच बाळाचं सगळं रक्त बदललं. मग काचेच्या पेटीत, निळ्या दिव्यांखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला ठेवलं. ज्या उजेडापासून बकुळाबाईंनी त्याला चार दिवस जपलं होतं, तोच आता औषध म्हणून चारी बाजूंनी त्याच्यावर सोडला होता. डॉक्टरीणबाईंनी सुजितला समजावून सांगितलं. तान्हं बाळ भुकेनं आपसूक उठतं. जे उठत नाही ते झोपलेलं नसतं, त्याच्यात उठायचं बळच उरलेलं नसतं. कावीळ मेंदूपर्यंत पोचली होती. जीव वाचेल. बाकीचं, विशेषतः कानांचं, आज सांगता येणार नाही.

"एक दिन पहले भी ले आते तो..." असं म्हणून त्या थांबल्या.

रुचिरा म्हणाली, "माझंच चुकलं. मला सांगितलं होतं त्यांनी." बकुळाबाई बाकावर बसल्या होत्या. एक दिवस आधी म्हणजे सहावा दिवस. फडकं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, स्वच्छ पांढरं. त्या उठल्या आणि रुचिरासाठी पाणी आणायला गेल्या.

बारसं बाराव्या दिवशी झालंच नाही. महिन्यानं घरी आल्यावर कागदावर नाव लिहिलं, पार्थ. रुचिरा मोबाइलचा गजर लावून दर दोन तासांनी त्याला उठवायची, गरज सरली तरी उठवायची. तो झोपला की त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. सासूबाईंना ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त बाळ त्यांच्या हाती दिलं नाही. सुजित एकदा चाचरत म्हणाला, "आई, थोडे दिवस गावाला जाऊन येतेस का?" बकुळाबाई गेल्या नाहीत. गावाला जाऊन काय सांगायचं? त्या भाकऱ्या थापत, भांडी घाशीत, आणि दाराआडून नातवाकडं बघत. तो त्यांच्याकडं बघून हसायचा. एकदा त्यांच्या हातून परात पडली, केवढा आवाज झाला. पार्थ आपल्या मुठीकडंच बघत राहिला. मुठीतच जीव गुंतलाय लेकराचा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतं.

मे महिन्यात झाशीला कानांच्या तपासणीची तारीख मिळाली. डोक्याला तारा चिकटवून कानात आवाज सोडतात, आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्र दाखवतं. अट एकच, बाळ गाढ झोपलेलं पाहिजे. सकाळपासून जागं ठेवून आणा, असं सांगितलं होतं. रुचिरानं आपल्या चार महिन्यांच्या लेकराला बबीन्यापासून झाशीपर्यंत जागं ठेवलं. पण तिथं पोचल्यावर उकाड्यानं आणि नव्या जागेनं पार्थ जो बिथरला तो झोपायलाच तयार होईना. रुचिरानं पाजलं, सुजितनं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. तास गेला.

"सुलाइए जी, और भी बच्चे बैठे हैं," यंत्रावरची बाई म्हणाली.

रुचिरा घामानं निथळत होती. तिनं एकदा सुजितकडं पाहिलं, मग कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सासूबाईंकडं वळली आणि बाळ पुढं केलं.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या हाताला झोप आहे ना."

टोमणा होता का विनवणी, बकुळाबाईंना कळलं नाही. त्यांनी खाली बसून पाय पसरले, पार्थला पायांवर आडवं घेतलं. चार महिन्यांनी तो भार पायांवर आला. त्यांनी अंगाई धरली, गावातल्या निम्म्या पोरांना म्हटलेली, आणि हात चालू लागला. थप, थप, थप. पार्थचे आळोखेपिळोखे थांबले. पापण्या जडावल्या.

तेवढ्यात त्यांना हुंदका फुटला आणि अंगाई मध्येच तुटली.

पेंगुळलेल्या पोराची अंगाई मध्येच तुटली तर ते हटकून डोळे उघडतं. तीस वर्षांत याला एकही पोर अपवाद नव्हतं. बकुळाबाई वाट बघत राहिल्या. हात चालूच होता. पार्थनं डोळे उघडले नाहीत.

त्यांनी हात थांबवला. पार्थनं लगेच डोळे उघडले. हात सुरू केला, डोळे मिटले. त्या वाकल्या, त्याच्या कानाला ओठ लावून पुन्हा अंगाई म्हटली, आधी हळू, मग मोठ्यानं, मग अशी की बाहेर बसलेल्या बायाही डोकावू लागल्या. त्या एकदम गप्प झाल्या. हात तेवढा चालू ठेवला. पोर त्या हातावर शांतपणे झोपी गेलं.

यंत्रावरची बाई तारा घेऊन पुढं आली. रुचिरा जवळ बसून मुलाचं जावळ बाजूला सारत होती.

"रुचिरा," बकुळाबाई म्हणाल्या, "सहाव्या दिशी दुर्गा म्हनली हुती, पोर पिवळं दिसतंय. म्या हळद हाय म्हनून सांगितलं. मग पाय पुसून बघितला. फडक्याला हळद न्हवती. मला कळलं हुतं गं. म्या गप ऱ्हायले."

रुचिराचा हात जावळातच थांबला.

"श्श! धीरे बोलिए अम्मा," ती बाई म्हणाली, "बच्चा जग जाएगा."

"न्हाई जागा व्हायचा," बकुळाबाई तशाच मोठ्यानं म्हणाल्या.

पार्थ झोपला होता.