तीन रिकाम्या मात्रा

कोकिळाबाईंचं पत्र आलं तेव्हा श्रावणजींनी ते दोनदा वाचलं, घडी घालून हार्मोनियमच्या खोक्यात ठेवलं आणि उत्तर लिहिलं नाही. त्याला नऊ वर्षं झाली. आज नाचणगावच्या घरी संगणकासमोर बसल्यावर त्यांना त्यातलं अक्षर न् अक्षर आठवत होतं.

पडद्यावर त्यांच्याच छापील पुस्तिकेतलं पान होतं. जुन्या स्वरलिप्यांचा संग्रह ते आणि वर्ध्याच्या मंजुषाताई मिळून इंटरनेटवर लावत होते. प्रत्येक पानाला राग, ताल, रचनाकार, मृत्यूचं साल. तीनशे बारा पानं झाली होती. या पानावर रचनाकाराचा खाना रिकामा होता.

मंजुषाताईंचा फोन आला.

"श्रावणजी, हे एकच पान काऊन लटकवून ठेवलं?"

"चाल माह्या नावावर आहे न."

"मग काढा ते. आपल्या संग्रहात यायले माणूस जाऊन साठ वर्षं व्हा लागते, तेव्हाच हक्क सुटते. तुम्ही तं अजून पोहे खाऊन राह्यले!"

ते कसनुसं हसले.

चाल आपल्याला पहाटेच्या झोपेत सुचली, असं ते खरंच समजत आले होते. झोपेत पाणी वाहत होतं, मेथीचा ओला वास होता, आणि कुणीतरी पाठमोरं गात होतं. उठल्याउठल्या त्यांनी स्वर लिहून काढले. तिसऱ्या ओळीनंतर तीन मात्रा रिकाम्या सोडल्या. का, ते त्यांना कळलं नव्हतं.

कोकिळाबाईंनी लिहिलं होतं : 'आंजी गावच्या मळ्यात माझे बाबा, किसनराव, भाजीला पाणी देताना हेच गायचे. तिसऱ्या ओळीनंतर थांबायचे, कारण तेवढ्यात फावड्यानं पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं असे. तुम्ही लहानपणी मामाकडे यायचे, बांधावर बसून राहायचे. भांडण नाही. फक्त विचारते.'

श्रावणजींच्या नावावर आयुष्यात एवढी एकच चाल होती.

"मंजुषाताई," ते म्हणाले, "चाल माही नाई. आंजीच्या किसनरावांची आहे."



"गेले कोणत्या साली?"

"विचारा लागन."

"कोणाले?"

"त्यांच्या लेकीले," म्हणत त्यांनी फोन हळूच खाली ठेवला.

तीन कागद फाडून झाले. चौथ्यावर त्यांनी लिहिलं : 'चाल तुमच्या बाबांचीच. मला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो. ते कोणत्या साली गेले, कळवावं. स्वरलेखन करणारा म्हणून माझं नाव खाली राहू द्यावं की नाही, ते तुम्ही ठरवा.'

दुपारी टपालपेटीच्या तोंडात पाकीट अर्धवट धरून ते बराच वेळ उभे राहिले.

"टाका न बाबाजी," मागून एक बाई म्हणाली, "मलेई टाकाचं आहे."

"हो, हो," म्हणत त्यांनी बोटं सोडली.