सीताबाईचं भांडण

येत्या रविवारी बाप्तिस्मा घ्यायचा असं ठरलं आणि स्वातीचं चित्त थाऱ्यावर राहिना. भद्रावतीतल्या औषधाच्या दुकानात ती काउंटरला होती. एका म्हाताऱ्याला तापाच्याऐवजी खोकल्याच्या गोळ्या देऊन बसली आणि मालकाची बोलणी खाल्ली. त्याच संध्याकाळी ती बापाला सांगायला माहेरी गेली.

फॅक्टरीतून रिटायर झालेले अंकुशभाऊ अंगणात कूलरच्या जाळ्यांत नवं गवत भरत होते.

"बाबा, रविवारी मी बाप्तिस्मा घेऊन राह्यली."

त्यांचे हात थांबले. "विनोदनं म्हटलं का?"

"नाई. ना त्यानं, ना सासूनं."

"मंग देव पाह्यला तू?"

"नाई."

"आवाज आयकला?"

"नाई बाबा."

"मंग तो हाय, हे कसं समजलं तुले?"

बाप चिडला असता तर स्वातीही चिडली असती, पण अंकुशभाऊ शांतपणे बोलत होते. "माह्या बापानं छप्पन साली चांद्याले धम्माची दीक्षा घेतली. घरातले सारे देव काढले. म्हणे, पाठीवरचं ओझं उतरलं. तुले आमी प्रश्न विचारायले शिकवलं, आता हा एक सोताले विचार. मानसाच्या मायेपायी जात असशील तर नोको जाऊ. पटलं असन तर मी आडवा येनार नाई."

नेमकं हेच तिच्या मनात रुतलं. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. लग्न होऊन ख्रिस्ती सासरी आल्यावर सासू सीताबाईनं तिला समोर बसवून डोक्याला तेल लावलं, तेव्हा स्वाती एवढी मोठी असून रडली होती. त्या मायेलाच आपण देव म्हणून बसलो की काय? दोन दिवस ती याच विचारात घरभर फिरत राहिली. चर्चच्या पाळकांना विचारलं, तर ते म्हणाले, "देव दिसत नाही हे खरंच. पण येशूला लोकांनी पाहिलं, त्याच्या पंगतीला बसले. तो कसा वागला ते पाहा, त्याचा बाप, म्हणजे देव, कसा आहे ते कळेल." तिला शब्द कळले. पण मनात काही उतरलं नाही.

नवऱ्याला विचारलं. विनोद कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा, नुकताच पाळी संपवून आला होता. "देव लहानपणापासून घरातच हाय. आई हाय हे कसं समजलं, असं कोनी विचारते का?"

"आई दिसते," स्वाती म्हणाली.

त्यातच मिथुनची बातमी आली. विनोदचा हा धाकटा भाऊ तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. मुकादमाचा फोन आला, की पोरगा भांडून टोळीतून निघून गेला, कुठं गेला माहीत नाही. त्याचा मोबाइल बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वाती जेवायला घरी आली, तर आतून सीताबाईचा चढा आवाज ऐकू आला. मिथुन परतला असं वाटून ती उंबऱ्यातच थांबली.

"काऊन बोलत नाई तू? बाप म्हनवतोस ना? बाप असा बसून राह्यते का? नवरा नेला, मी आयकून घेतलं. आता हे पोरगं कुठी हाय ते तरी सांग! तुह्या पोराचं क्रुसावर काय झालं ते पाह्यलं ना तू? मंग माह्या जिवाचं तुले समजत नाई का?"

आत दुसरं कुणी नव्हतं. सीताबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती, पदर खाली पडलेला. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, परात ओढली आणि कणीक मळायला घेतली.

"आई, त्यानं उत्तर देल्लं का?" स्वातीनं विचारलं.

"नाई."

"मंग कोनी आयकते, हे कसं समजते तुमाले?"

सीताबाईनं तिच्याकडं पाहिलं. ती मूळची एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची; शेत, मंडळी सगळं तिकडचं. "पोरायचे वडील गेले तवा मी दोन वरीस प्रार्थना केली नाई," ती म्हणाली. "शेत पडीत राह्यलं असतं. चर्चच्या मंडळीतल्या बाया आल्या, चिखलात उतरून माहा धान रोवून गेल्या. प्रार्थनेले चाल, असं एकीनंबी म्हटलं नाई. मी विचारलं, काऊन करता? तर म्हने, येशूनं आमच्यासाठी केलं. येशूच्या गोष्टी मी आयकल्या होत्या. मेलेल्या मित्रासाठी रडला, कोनी शिवत नव्हतं त्याले शिवला. तवा वाटलं, याचा बापबी असाच असन. तवापासून बोलतो, भांडतो. मी किती बोलली तरी तो उठून जात नाई, येवढं मले समजते. बाकी नाई समजत."

त्या दिवशी स्वाती दुकानात परत गेली नाही. मागच्या अंगणात, तापलेल्या पत्र्याच्या सावलीत उभी राहिली. पाठ केलेली प्रार्थना म्हणू लागली, ती मध्येच तुटली. "बाबानं विचारलं, मले सांगता नाई आलं," ती एकदम म्हणाली. "मी काय सांगू त्यायले? तूच सांग आता." उत्तर आलं नाही. पण हे बोलणं तिला नवं वाटलं नाही. गेले दोन दिवस काउंटरवर, रस्त्यानं, भाजी चिरताना ती याच कुणावर तरी चिडत होती. सासूवर नाही, बापावरही नाही.

शुक्रवारी ती पुन्हा माहेरी गेली. "पाह्यलं नाई बाबा. पन मी त्याच्यासंग भांडून राह्यली."

"हा काई पुरावा नाई."

"नाई."

अंकुशभाऊंनी कूलरमध्ये पाणी ओतलं. मिथुनची बातमी त्यांच्याही कानावर आली होती. मग विचारलं, "विहीनबाईचा पोरगा सापडला का?"

त्याच संध्याकाळी ते थैली घेऊन विनोदबरोबर बल्लारशाहवरून तेलंगणाच्या गाडीत बसले. त्यांना कामचलाऊ तेलुगू येत होतं. "बाप्तिस्म्याच्या पान्यापाशी तसाबी मी येनार नव्हतो," ते जाताना लेकीला म्हणाले. "हे काम मले पटते."

रविवारी नदीवर मंडळी जमली. सीताबाई काठावर मोबाइल मुठीत धरून उभी होती. कंबरभर पाण्यात पाळकांनी विचारलं, "देवाला कसं ओळखलंस, मुली?" बाप्तिस्म्यासाठी पाठ केलेली साक्ष स्वातीला आठवेना. "पुरतं ओळखलं नाई," ती म्हणाली. "येशूले पाहून बाप कसा असन ते थोडंसं समजलं. आनि आता त्याच्यासंग बोलल्याबिगर राहावत नाई." काठावर कुणीतरी खाकरलं. पाळकांनी तिला पाण्यात बुडवलं. वर येताच तिनं काठावरच्या सासूकडं पाहिलं.

चार वाजता स्वातीला अंकुशभाऊंचा फोन आला. मिथुन एका सरकारी दवाखान्यात सापडला होता. कावीळ झालेली, अंगात त्राण नाही, पण शुद्धीवर होता. विनोद त्याच्या उशाशी बसला होता.

"दोन-चार दिवस ठेवतो म्हनते डॉक्टर," ते म्हणाले. "मी थांबतो इथीच. विहीनबाईले फोन दे, पोरगा आई आई करून राह्यला."